चुन्याचा क्रूस

सान मातेओ,
बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय लिओनिलाताई,

तुम्ही सगळे बरे असाल. शिकागोत थंडी पडली असेल, गुडघे जप. इथे आम्ही ठीक.

हेलनबाई उद्याच तिच्या या बंगल्यावर येतेय. रविवारी येणार होती, पण लवकरचं विमान मिळालं म्हणे. सकाळपासून धुतलेल्या चादरी घातल्या, फ्रिज पुसला, टाकी भरली, गाद्यांखालचे विंचू झटकले. फक्त खालच्या खोलीतली जमीन झाडायची राहिलीय. तिथेच माझं डोकं चालेनासं झालंय.

ताई, फोनवर सांगितलं ते खरं नव्हतं. आईने आपल्या घरात प्राण सोडला नाही. पत्र्याखाली तिची तगमग बघवेना, म्हणून बाईला न विचारताच मी तिला इथे आणलं होतं. इथल्या पंख्याखाली ती गेली. मग खालच्या खोलीत जिथे तिला ठेवलं, तिथेच रीतीप्रमाणे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढावा लागला. आज सहावा दिवस. शनिवारी नववा, तेव्हाच प्रार्थना म्हणून तो चुना झाडून उचलायचा. रविवारपर्यंत सगळं आवरलं असतं गं.

प्रार्थना सांगायला येणाऱ्या क्रिसांताकाकू म्हणाल्या, "बाकी घर आरशासारखं कर. इथे आधीच केरसुणी लावलीस तर तिचा जीव अर्ध्या वाटेवर लटकेल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

अबुंदिओ म्हणाला, "सोफा सरकव त्याच्यावर. सासूबाईंना नाहीतरी सोफा भारी आवडायचा." मी त्याला ओलं फडकं फेकून मारलं. मग हसू आलं, मग रडू.

बाईने क्रूस पाहिला तर वीस वर्षांचं काम जाईल. झाडला तर आई अडकेल. सकाळपासून चार वेळा केरसुणी उचलली आणि ठेवली.

आणखी एक. शेवटच्या दिवशी आईने भिंतीवरून हात फिरवला. "लिओनिलाने बांधलं ना हे?"

मी हो म्हटलं. का, ते मला अजून कळत नाही. बारा वर्षं तू तिकडून आईला 'घर बांधते, बांधते' म्हणत राहिलीस, त्याचा मला राग आहे. तरी हो म्हटलं.

"खिडक्या मोठ्या ठेवल्या पोरीने," एवढं बोलून ती झोपली.

हे पत्र पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी तुलाच विचारते, झाडू का? आईच्या लेखी इथली मालकीण तू आहेस. आणि मालकिणीचा शब्द आल्याशिवाय या घरातलं काहीही मी आजवर हलवलेलं नाही.

तुझं घर राखणारी,
एउफेमिया