हरिणीच्या पोटातलं पाडस

बाई, गेल्या महिन्यात तुमची फार आठवण आली, आणि तीही अशा जागी की तुम्ही असतात तर पदर खोचून आधी वर चढला असतात. माझं काम काय, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आदिमानवानं कातळावर काढलेल्या चित्रांच्या मी संशोधकांसाठी हुबेहूब नकला करते. तर एका डोंगरातल्या कपारीत गुडघे टेकून मी फिकट लाल रेघा न्याहाळत होते. हळूहळू मान खाली घालून चरणारी एक हरिणी दिसायला लागली, आणि तिच्या पोटात चार पायांवर उभं असलेलं इवलंसं पाडस. मी मोठ्यानं हसले. आमच्या तुकडीचे प्रमुख, वयानं माझ्याहून लहान, धावत आले. "मॅडम, काय झालं?" म्हटलं, "काही नाही सर, ओळखीचं निघालं."

अंबरनाथच्या शाळेतला चौथीचा वर्ग. आदिमानवाचा धडा वाचून कळायचा नाही असं म्हणून तुम्ही उल्हासनगरच्या बाजारातून गेरू आणलात, इस्त्रीवाल्याकडून कोळसा मागितलात आणि आम्हाला शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेलंत. गेरू कुटून, पाण्यात कालवून हातात दिलात. "जे आत्ता समोर नाही, ते काढा." ज्याचे वडील मोरिवलीच्या कारखान्यात साहेब होते, त्यानं धुराडं काढलं. मी पालेगावची, त्या मुलांत तोंड न उघडणारी. मी आमची म्हैस काढली, आणि तिच्या पोटात रेडकू. मुलं हसायला लागली. तुम्ही विचारता, "हे काय गं?" मी म्हणते, "बाई, तिचे पोटान रेडकू हाय." आता सगळे माझ्या बोलण्यावर हसतात. मला वाटतं, उद्यापासून शाळाच नको. तुम्ही मात्र माझी भाषा सुधारत नाही. शांतपणे म्हणता, "हाय ना? मग असू दे."

दुपारी मुख्याध्यापक आले. भिंत पाहून तुम्हाला आमच्यासमोरच बोलले. "पोटातलं कधी दिसतं का बाई? काय शिकवताय?" तुम्ही म्हणालात, "दिसत नाही सर. म्हणूनच काढावं लागलं." सोमवारच्या आत भिंत धुवायचा हुकूम झाला. पण म्हैस शनिवारीच व्याली. मी सांगितल्यावर तुम्ही शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर बांधावरून चपला हातात घेऊन आमच्या गोठ्यात आलात. बाबांनी तुम्हाला पाट दिला, आईनं डबाभर चीक. त्याचा खरवस करून तुम्ही सोमवारी शाळेत आणलात. मुख्याध्यापकांनी दोन वड्या खाल्ल्या, तिसरी कागदात बांधून घेतली, आणि भिंतीचा विषय पुढे कधी काढला नाही. त्या दिवसापासून मी वर्गात बोलायला लागले. पालेगावच्या बोलीतच बोलले.

कपारीत बसून मी हे सगळं प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "शिकाऱ्यानं पोट फाडलं असेल तेव्हा पाडस कळलं असेल." मी म्हटलं, "मग मेलेली काढली असती सर. ही तर चरतेय." तेही गुडघे टेकून रेघा न्याहाळायला लागले. माणसानं पहिल्यांदा चित्र का काढलं, हे त्यांनाही सांगता येत नाही, कोणालाच येत नाही. पण हरिणी निघून गेल्यावर कोणीतरी तिला मनात धरून ठेवलं, एवढंच नाही, तिच्या आतलं न दिसणारंही धरलं, आणि दोन रेघांत दुसऱ्याला दाखवलं. ज्याला दाखवलं त्याला ते कळलं असणार. कदाचित तोही हसला असेल. माणूस तिथून सुरू झाला, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि संध्याकाळी डोंगर उतरताना मी चक्क गुणगुणत होते.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून एक गोष्ट कबूल करते. गोठ्यात तुम्ही विचारलं होतंत, "पोटातलं रेडकू काढायचं तुला सुचलं कसं?" मी "असंच" म्हणाले होते. खरं म्हणजे ते सुचलं नव्हतं, बाई. माझ्या बोटावरून गेरूचा एक मोठा थेंब म्हशीच्या पोटावर पडला होता. तुम्ही रागवाल म्हणून घाईघाईनं मी त्याला चार पाय काढले. त्या हरिणीचं काय झालं होतं, कोण जाणे.