वच्छलाचं अक्षर

रामदासपेठ, नागपूर
७ मे २०२४

चि. रुपराव यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो वं ताई’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून एसटीच्या कंडक्टरच्या हाती कागद पाठवते. कागद तरी तुला मध्येच कापता येणार नाही.

काल तुझ्या श्वेताने तिच्या आईचं सगळं फोनवर सांगितलं. उन्हासाठी गळ्याभोवती गुंडाळलेला वच्छलाचा दुपट्टा तुझ्या मोटरसायकलच्या चाकात गेला, गळा आवळून ती बेशुद्ध पडली, आणि तू तोंडावर पाणी मारून, दृष्ट काढून तिला घरी नेलंस! मी तीस वर्षं नर्स होते ती काय ताप मोजायला?

अरे, गळा आवळला की मेंदूला रक्त नाही, प्राणवायू नाही. माणूस उठून चालू लागला म्हणजे सुटला असं नसतं. आतली रक्तवाहिनी फाटलेली असते, चार दिवसांनीही झटका येतो. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, काही विसरतेय का, ते बघ. बघत बसू नकोस, तिला घेऊनच ये. दिवाळीत आई गेली तेव्हापासून तुझं घर तिच्याच जिवावर उभं आहे.

रागावलेली, पण तुझीच,
पुष्पलताताई

पारशिवनी
९ मे २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. आवाज थोडा बसला आहे, तो उन्हाने. गळ्याला हळद-तेल लावतो. वळ गेलेसुद्धा. दवाखान्याचं नाव काढलं की तीच म्हणते, मले काही झालं नाही, काहून नेता. तिने स्वतः तुला चिठ्ठी लिहिली आहे, सोबत जोडतो. अक्षर बघ, मोत्यासारखं! डोक्याला काही झालेलं माणूस असं लिहील का?

लोभ कमी करू नकोस.
तुझा रुपराव

ती. ताईंना वच्छलाचा नमस्कार.

माझी काळजी करू नका, मी बरी आहे. सासूबाईंना तिकडे करमतं का? उन्हात बाहेर सोडू नका त्यांना. त्यांचं हिरवं लुगडं इथेच राहिलं, धुऊन ठेवलं आहे, यांच्याबरोबर पाठवते. यायच्या आधी कळवायला सांगा, त्यांच्यासाठी मऊ भात टाकीन.

आपली वच्छला

नागपूर
१० मे २०२४, सकाळी

रुपराव,

आशीर्वाद नंतर. हे पत्र आणणारा ड्रायव्हर गाडी घेऊन तुझ्या दारात उभा आहे. वच्छलाला आत्ताच्या आत्ता बसव. मी इथे डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे, दवाखान्याच्या दारातच उभी राहते.

तिची चिठ्ठी परत पाठवते. आई तिच्या मांडीवर गेली रे. ते हिरवं लुगडं तिनेच आईला शेवटचं नेसवलं होतं.

अक्षर मोत्यासारखंच आहे. तू नुसतं बघितलंस. गाडीत बसल्यावर वाच.

ताई