श्रूजबरीचं घर, एकट्या आसावरीचं

मी, शैलजा मनोहर पोंक्षे, वय एकाहत्तर, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. शरीराचं काय ते डॉक्टरांनी सांगून टाकलं आहे. बुद्धी शाबूत आहे तोवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. ही घरच्यांसाठी, कारणांसकट.

एक. मनोहर गेल्यावर हे घर माझ्या एकटीचं झालं. आम्हाला मूल नाही. माझ्या पश्चात ते माझा भाचा ऋषी याची पत्नी आसावरी हिला, तिच्या एकटीच्या नावावर मिळावं. ती पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर. ऋषीच्या व्हिसावर आली म्हणून तिला इथे नोकरीची परवानगी नाही. परवा देवळात कोणीतरी विचारलं, तर म्हणाली, "मी काहीच करत नाही." मला ते फार लागलं.

दोन. तळघरातली हत्यारांची पेटीही तिलाच. ती शेजारच्या डोरीनची. डोरीन इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. दुसऱ्या महायुद्धात, विसाव्या वर्षी, सरकारी हुकमाने विमानांच्या कारखान्यात लेथवर उभी राहिली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी त्या युद्धाच्या लढाया तारखांसकट घोकून घेतल्या होत्या. पण मागे कारखाने, बस, शेतं बायकांनी चालवली हे मला डोरीनकडून कळलं, कुंपणापाशी, कपडे वाळत घालताना. तिच्या रांगेतल्या एका मुलीचे केस मशीनच्या पट्ट्यात ओढले गेले होते. तेव्हापासून ती रुमाल बांधल्याशिवाय गवतही कापत नसे. मला नळ दुरुस्त करायला शिकवलं तेव्हा आधी माझी वेणी गुंडाळून बांधली, मग हातात पाना दिला.

युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना घरी पाठवलं. कामावरच्या आयांसाठी काढलेली पाळणाघरं बंद होत गेली. डोरीन वॉल्टर या अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इथे आली. त्याने तिला कधी कामाला जाऊ दिलं नाही. हातही उगारायचा. "का राहिलीस गं?" मी एकदा विचारलं.

"कुठे जाणार? घर त्याचं, गाडी त्याची. माझी ही पेटी." त्याच घरात, त्याच्या आधी ती गेली, पेटी मला देऊन.

तीन. चांदीची भांडी ऋषीला. घासतो का ते बघायला मी नसेन. मोत्यांच्या कुड्या भाची सईला. नणंद प्रतिमाने माझं पुरणयंत्र नेलं ते परत केलं नाही. तेच तिला दिलं असं समजावं.

चार. ऋषीची हरकत मी ऐकली आहे.

"मावशी, जॉइंट नावावर कर ना यार. आम्ही दोघं एकच आहोत ना?"

"एकच आहात, तर तुझं काय बिघडतं?"

मग तो म्हणाला, "आणि उद्या घर विकून ती निघून गेली तर?"

आसावरी चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

"तर जाईल," मी म्हणाले.

ऋषी, तू वाईट मुलगा नाहीस. तिने राहावं असं मलाही वाटतं. पण राहिली, तर जाता येत असूनही राहिली, असं व्हावं.

हे मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

शैलजा मनोहर पोंक्षे

साक्षीदार: लता त्र्यंबक सोमण, राजेश केळुसकर

श्रूजबरी, १४ नोव्हेंबर २००६