साहेबांचा शब्द

ती. ताईस, धाकट्याचा इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, अंगानेही भरलोय. आईचे गुडघे कसे आहेत? तिला एवढंच वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

मी हॉटेलच्या तळघरात चादरी धुतो, हे तुला माहीतच आहे. आमच्या खाटा तिथल्याच भिंतीला लागून आहेत, साहेबांचं टेबलही. त्या भिंतीला तडा गेलाय. धुलाईची यंत्रं फिरायला लागली की त्यातून माती गळते. मी साहेबांना म्हटलं, "एक दिवस भिंत अंगावर येईल." ते हसून म्हणाले, "फार-फेच्ड!"

स्वयंपाकी सांगतो, ओढूनताणून आणलेल्या, कुणालाही न पटणाऱ्या कल्पनेला तसं म्हणतात. आता सगळे मला त्याच नावाने हाक मारतात. मीही हसतो. पण झोपताना उशी भिंतीपासून लांब, पायथ्याशी घेतो.

आज सकाळी उठून बघतो, तर साहेबांचं टेबल जिन्यापाशी हलवलेलं. आमच्या खाटा आहेत तिथेच आहेत.

ताई, तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, म्हणून विचारतो. ज्या गोष्टीला हसणाराच मनातून घाबरतो, तिलाही हा शब्द चालतो का? जरा लवकर कळव.

तुझा,
धाकटा