हा ‘म्हणे’ कोणाचा

बाबा, तुम्ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, बर्बेराहून आलात त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. आई बांगडे साफ करत होती आणि तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून, चहा हातात तसाच धरून, सांगत होता. हबशाणातून, म्हणजे आमच्या पेपरातल्या अबिसीनियातून, पळून आलेली माणसं बंदरावर बसलेली. पोरांच्या पाठी फोडांनी भरलेल्या. इटलीच्या विमानांतून काहीतरी शिंपडलं, पडलं तिथलं कातडं सुटलं. “आणि त्यांच्या शिपायांनी भरलेल्या बोटी सुएझच्या कालव्यातून आमच्या पुढून गेल्या रे. पहारा इंग्रजांचा. एकानं अडवली नाय.” मग म्हणालात, “तुझ्या पेपरात घाल.”

मी तेव्हा रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात होतो. अंक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता. आठ ओळी लिहिल्या. अंकात त्या ओळी बोटींच्या वेळापत्रकाखाली आल्या. तुम्ही ओसरीवर बसून ओळींवरून बोट फिरवत वाचता आहात. बोट एका जागी थांबतं.

“‘विषारी पाऊस पाडला म्हणे.’ ह्यो म्हणे कोणाचा? मी काय विहिरीवर ऐकून आलो?”

“पेपरातली भाषा असते ती,” आई म्हणाली. “तुमची बोटीवरची छापली तर अंक जप्त व्हायचा.”

तुम्ही हसला नाहीत. मी म्हटलं, “संपादकांनी घातला. सरकारची भीती असते त्यांना.”

“मग मी येतो त्यांच्याकडं. माझं नाव घाला. सही करतो खाली.”

“ते कामात असतात, बाबा.”

पावसाळ्यापूर्वी तुम्ही पुन्हा बोटीवर गेलात, आणि एडनहून आली ती तुम्ही तापात गेल्याची तार.

त्याच पावसाळ्यात अबिसीनियाचा राजा जिनिव्याला राष्ट्रसंघापुढे स्वतः उभा राहून बोलला. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि इटलीवरचे निर्बंध उठवले. मी कडक अग्रलेख लिहिला: मोठ्या देशांनी डोळ्यांनी पाहिलेलं ऐकीव ठरवलं. लोकांनी रस्त्यात थांबवून पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

तुमच्या त्या आठ ओळी छापण्याआधी संपादकांनी तर मला उलट विचारलं होतं, “वडिलांनी पाहिलंय ना? मग म्हणे कशाला?” मी म्हटलं होतं, “असू दे.”

हे कुठल्याच टपालात पडणार नाही, म्हणून लिहून टाकतो. सरकारची भीती मला नव्हती. पाहणारा एक खलाशी आहे आणि तो माझा बाप आहे, हे पेपर वाचणाऱ्यांना कळेल याची लाज वाटली होती.