पाखरं हाकायचा आवाज जर्मनीला गेला, त्याची हकिकत

चि. सोमेश्वर यास रुख्मिणी आजीचे भरभरून आशीर्वाद. सूनबाई युलियाला आशीर्वाद आणि इलाला पोटभर मुके.

इकडं गुडघे सोडून सगळे खुशाल आहेत. तुमची खुशाली कळव, पण तोंडानं कळव. मागच्या महिन्यात तू मला फोनवर चार निरोप लिहून धाडलेस. बँकेत अंगठा दिल्यावर ज्या आजीची शाई तू लहानपणी थुंकी लावून पुसायचास, तिला अक्षर येत न्हाई, हे तू विसरलास. विसरणं तुला तुझ्या बापाकडून आलं. माणिकराव कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा हुडकतो. तू त्याच्या पुढचा, तू माणूसच विसरतोस. हे पत्र मी सांगून राहिले आणि तुझी आई लिहून राहिली. (मंजुषा मधी मधी माझ्या शिव्या गाळते. मी सगळं परत वाचून घेणार आहे, हे तिनं ध्यानात ठेवावं.)

तर तू इलाला मराठी शिकवायचं विसरलास, म्हणून मी जर्मन शिकायला घेतलं. दर ऐतवारी तू लेकराला फोनपुढं उभं करतोस आणि ते आईच्या मांडीत तोंड खुपसतं. मला तिचा फक्त शेंडा दिसतो. पणजी-पणतीपैकी एकीनं तर सरकलं पाहिजे. इला चार वर्षांची, तिला शाळा आहे, सवड न्हाई. मी एकोणऐंशीची, मला सवडच सवड.

तुझ्या बापाला नोकरीतून मोकळा झाल्यापासून उघडायला काहीच वर्ज्य राहिलेलं न्हाई. मिक्सर उघडून झाला, बॅटरी उघडून झाली, शेजाऱ्याचा रेडिओ उघडला तो अजून उघडाच आहे. गोठ्यात एका अंगाला म्हैस आणि एका अंगाला हा, सोल्डरिंगचा धूर करत बसतो. (म्हशीला डास चावत न्हाईत, एवढा फायदा आहे.) त्यानं माझा भजनं वाजवायचा डबा उघडला, आतलं भजन काढलं आणि जर्मनचे धडे घातले. मला आकडे कळत न्हाईत म्हणून बटनांवर खुणा चिकटवल्या: चिंचोका दाबला की पुढचा धडा, सदऱ्याची गुंडी दाबली की परत. धड्यातला मास्तर हिंदीतून समजावून सांगतो आणि मग बोलायला जागा सोडतो. आधी ती जागा लई थोडी होती. मी पदर सावरून तोंड उघडीपर्यंत मास्तर पुढं गेलेला असायचा. माणिकरावानं आतून काय ते तोडून जोडलं, आता मी बटन दाबीपर्यंत मास्तर मुकाट बसतो. साठ वर्षं संसार केला, एवढा ऐकणारा बाप्या पहिल्यांदा भेटला.

शिकवणं चांगलं आहे, माणसं तेवढी येडी आहेत. एकजण नवव्या धड्यापर्यंत रेल्वे ठेसन विचारत फिरतो. आमच्या कनेरगाव नाक्यावर असता तर ढाब्यावाल्यानं हाताला धरून जीपमधी बसवला असता. तुझा बाप पण संगं शिकत होता, वहीत लिहून लिहून. तिसऱ्या धड्याला वही हरवली आणि त्याची जर्मन तिच्यासंगं गेली. माझी कुठं जाणार? माझी डोक्यात आहे.

वीस दिवस घोकून मी इलाच्या वाढदिवसाला भाषण केलं. मी तुझी पणजी, मला दात न्हाईत, माझ्याकडं म्हैस आहे, तू मला लई आवडतीस. माणिकरावानं ते एका कार्डावर भरलं. त्याच दिवशी ज्वारी राखायला माझा दुसरा आवाज भरला, कारण चिमण्या आणि राघू त्याच्या कर्ण्यातल्या भोंग्याला भीत न्हाईत, मला भितात. ही नखाएवढी दोन कार्डं त्यानं ठेवली कशात? तंबाखूच्या जुन्या दोन तोंडांच्या डबीत. चुन्याच्या तोंडात जर्मनी, तंबाखूच्या तोंडात ज्वारी. डबी खिशात उलटी झाली.

मी म्हणलं, माणिक, कार्डावरचं फोननं धाडायच्या आधी ऐक. तर म्हणे, "आई, ऐकून काय करू, मला कुठं कळतंय."

तुमच्याकडं केक कापून सतरा लेकरं बसली होती, हे तूच सांगितलंस. आणि मोठ्या स्पीकरवर पणजी बोलली: "हाऽऽ होऽऽ, मेल्यांनो, तुमच्या बापानं पेरली होती काय? उठा, न्हाईतर गोफणीनं चोची फोडीन." लेकरांनी हातातले घास खाली ठेवले म्हणे. (मंजुषा, हे जसं हाये तसं लिही.)

इकडं वावरात माझं भाषण सकाळपासून चालू. पाखरं कणसावर बसून ऐकत होती, खात होती. शेजारचा पुंजाजी बांधावर आला.

"काकू, राखणीला बाई कोण ठेवली? लई गोड बोलती."

"मीच हाये ती."

"मग राहू द्या. माझी सगळी पाखरं तुमच्याकडं आलीत."

हसू आलं, पण खोटं कशाला बोलू, मला लई वाईट वाटलं. लेकराला पणजीनं पहिल्यांदा काही म्हणलं, ते हे. दोन दिवस मी चिंचोक्याला हात लावला न्हाई.

मग परवाचा ऐतवार. फोन लागला आणि शेंडा न्हाई, अख्खी इला. कमरेवर हात. "हाऽऽ होऽऽ, मेल्यांनो." हेल माझा, बराबर. मी म्हणलं, "गुटन मॉर्गन, इला." ती कायतरी लांबलचक बोलली. त्यातलं मला एकच कळलं, नोख माल, म्हणजे परत एकदा. ते तर माझ्या गुंडीचंच काम. मी परत ओरडले. ती परत ओरडली. तिसऱ्या वेळेला म्हशीनं ओ दिली. तेवढ्यात तू मधी आलास, "आजी, ती काय म्हणते सांगू का," आणि समजावत बसलास. पोरगी बाहुली हुडकायला निघून गेली.

असो. युलियाच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांग. आशीर्वाद आहेतच.

रुख्मिणीबाईचा अंगठा

ता. क. इला शाळेत तसं ओरडली तर तिथल्या बाईंना सांग की ती पाखरं हाकायची पद्धत आहे. सगळ्या शब्दांचा अर्थ सांगू नको.

ता. क. दुसरा. पत्र ह्याच्यासाठी लिहिलं: हे भेटल्यावर जो ऐतवार येईल त्या दिवशी फोन लावून दे आणि खोलीबाहेर जा. आम्हाला कळलं न्हाई तर न कळू दे. दार लावून घे.

ता. क. तिसरा. इला सकाळी जे खाती त्याचं एक पाकीट टपालानं धाड. फोनवर दोघी बराबर खाऊ. कडक असलं तरी चालतं, मी दुधात भिजवीन. तुझ्या बापासाठी वेगळं पाकीट धाड, न्हाईतर तो माझं उघडतो.