राहू दे, मी करते

वॉटफर्ड
१९ सप्टेंबर २००४

ती. आशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी ओरडून सांगितलं की भिंतीपलीकडच्या म्हातारीला कळतं, म्हणून आपली पत्रंच बरी.

ईशानी एडिनबराला शिकायला गेल्यापासून वर्षभर तिची खोली नुसती झाडून ठेवत होते. तेवढ्यात तिच्या जुन्या शाळेतून पत्रक आलं, की परदेशी मुलांना वर्षभर घरी ठेवून घेणारी कुटुंबं हवी आहेत. हे म्हणाले, कशाला नसती उठाठेव. मी फॉर्म भरून मोकळी झाले. तर गेले पंधरा दिवस आमच्याकडे डेन्मार्कची एक मुलगी आहे. नाव आस्ट्रिड, वय सतरा, उंची एवढी की ईशानीच्या पलंगावर तिरकी झोपते. बिचारीला वाटलं असेल इंग्रज घर मिळेल, बेकन आणि कुत्रा. मिळालो आम्ही, वरणभात आणि हे.

पहिल्याच संध्याकाळी जेवण झाल्याझाल्या ही आपली ताटली घेऊन सिंककडे निघाली, नळ सोडला आणि स्पंज हातात घेतला. मी धावत जाऊन तो काढून घेतला. पाहुणीला पहिल्या दिवशी भांडी घासायला लावली असती तर आई वरून काय म्हणाली असती? राहू दे, मी करते, तू बैस, असं तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी केर काढायचा हूवर घ्यायला गेली, तोही काढून घेतला. गुणी आहे गं पोरगी.

खाताना मात्र लाजते. दुसऱ्या पोळीलाच नो थँक यू म्हणते. मी कुठली ऐकते, वाढतेच. वाढलेलं सगळं मुकाट्याने संपवते, पानात कण टाकत नाही. पान रिकामं दिसलं की मी पुन्हा वाढते. उठताना रोज जेवणाबद्दल थँक यू म्हणते, तेव्हा मी तिला दटावलं की घरच्या माणसाला कसलं थँक यू.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरतंय म्हणालीस. मी येऊ का? लायब्ररीतली माझी बरीच रजा शिल्लक आहे. कळव.

तुझा लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी
नंदा


सातारा
६ ऑक्टोबर २००४

चि. सौ. नंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं, चष्मा शोधून दोनदा वाचलं. तू मुलगी ठेवून घेतलीस की गणपती बसवलास? गणपतीलाही जागचं हलू देत नाहीत आणि नैवेद्य नाकारू देत नाहीत, पण तो दहा दिवसांत जातो. ही जूनपर्यंत आहे. जरा दमाने घे.

माझं ऑपरेशन एकवीस फेब्रुवारीला पक्कं झालं. तू मुळीच येऊ नकोस. एवढ्याशा गुडघ्यासाठी सातासमुद्रापलीकडून यायचं म्हणजे लोक हसतील. शेजारी कमलाकर आहेत, त्यांची सून शिल्पा डबा देईन म्हणते. तिचा हात मिठाला आखडता आहे, पण मनाने चांगली. पंधरा दिवस उठताबसता कुणीतरी धरायला लागतं असं डॉक्टर म्हणाले. भिंत आहे की धरायला. तेव्हा तू तुझं घर बघ, इकडचं राहू दे.

दिवाळी यंदा बारा नोव्हेंबरला. ईशानी येतेय ना? गेल्या वर्षी आली नव्हती, तेव्हा तुझं पत्र तीन ओळींचं होतं. श्रीनिवासरावांना नमस्कार.

आठवण ठेवतेस, तशीच ठेवत जा.

तुझी
ताई


वॉटफर्ड
१७ नोव्हेंबर २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ज्या पोरीला मी गुणी म्हटलं होतं, ते शब्द मी परत घेतले आहेत. ताई, ती बसल्या जागेवरून उठत नाही. जेवण झालं की ताटली तशीच ठेवून हात मांडीवर घेऊन बसते, जणू कुणी स्टॅच्यू म्हटलंय. परवा शनिवारी मी कंबर धरून पुढच्या खोलीत हूवर फिरवत होते. ही सोफ्यावर. हूवर जवळ आला तशी तिने काय करावं? दोन्ही पाय वर उचलले. मी खालून झाडून घेतलं, तिने पाय खाली ठेवले आणि पुस्तकाचं पान उलटलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नकोस. मी मुद्दाम भांडी आपटते, उसासे टाकते, कमरेवर हात ठेवून उभी राहते. पालथ्या घड्यावर पाणी. हे म्हणतात, सरळ सांग ना तिला. सांगायचं कसं? सांगून केलेल्या मदतीला काय अर्थ आहे?

त्यात काल तिचा कोट धुवायला काढला तर खिशात टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेली अख्खी पुरणपोळी. वाळून खडंग झालेली. दिवाळीला सकाळपासून राबून केलेली पोळी खिशात घालून फेकायला न्यायची होती तिला. मी ती पोळी ओट्यावर ठेवली, ती शाळेतून आली तेव्हा तिला दिसेल अशी. ती लाल झाली आणि वर जाऊन दार लावून बसली.

तू ईशानीचं विचारलंस. आली नाही. फोनवर म्हणाली की निबंध द्यायचाय, पण यावं का असा विचार करतेय. मी म्हटलं, एवढी साडेचार तासांची ट्रेन, अभ्यास महत्त्वाचा, राहू दे, नको येऊस. तिने एकदा तरी नाही गं आई, येतेच मी, असं म्हणायचं की नाही? लगेच म्हणाली ओके आई, थँक्स फॉर अंडरस्टँडिंग. फोन ठेवून मी चकलीचा सोऱ्या परत वर ठेवला, मग पुन्हा खाली काढला. एका मुलीला घर आठवत नाही आणि दुसरीला मी आठवत नाही, ती समोर बसलेली असते तरी.

रागात लिहिलंय, सांभाळून घे. तुझी माया मात्र कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
नंदा


वॉटफर्ड
५ डिसेंबर २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण आता राग नाही, लाज वाटते आहे. आस्ट्रिडने घर बदलून मागितलं.

या मुलांची व्यवस्था बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाई गुरुवारी आल्या. मी चहा, चिवडा, नारळाची वडी ठेवली. त्यांनी वडी बाजूला सारून कागद काढला. आस्ट्रिडने दोन कारणं लिहून दिली होती. पहिलं, या घरात मी नाही म्हणते ते कुणी ऐकत नाही. दुसरं, या घरात मला काही करू देत नाहीत, मी इथे तीन महिने पाहुणीच आहे आणि त्यांना मी आवडत नाही.

ऐकलंस ना? मला काही करू देत नाहीत. सोफ्यावर पाय उचलून बसणाऱ्या मुलीचं हे म्हणणं. मी त्या बाईंना सांगितलं, की आमच्याकडे पाहुण्याला देव मानतात. त्या म्हणाल्या, हो, पण तिला देव व्हायचं नाहीये. हे खोकल्यासारखं करून हसले. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

बावीस तारखेला ती नाताळासाठी घरी जाईल. जानेवारीत परतायचं ते आमच्याकडे की कुठल्या दुसऱ्या घरी, हे तिने तीन तारखेपर्यंत कळवायचं आहे. मी तिला थांब म्हटलेलं नाही. स्वतःचीच मुलगी ज्या खोलीत परत येत नाही, तिथे परक्याच्या मुलीला कुठल्या तोंडाने थांबवायचं? पण ताई, ती खोली पुन्हा रिकामी झाली तर मला सोसायचं नाही.

काय चुकलं ते तूच सांग. लोभ आहे म्हणून विचारते.

तुझी
नंदा


सातारा
१२ डिसेंबर २००४

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वेळेत पोचावं म्हणून कमलाकरांना मोठ्या पोस्टात पिटाळते आहे.

तुझं सप्टेंबरचं पत्र समोर ठेवून लिहिते. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे चूक शोधायची सवय गेलेली नाही. ती मुलगी पहिल्याच दिवशी भांडी घासायला उठली होती. तू तिच्या हातातून स्पंज ओढून घेतलास. हूवरही घेतलास. राहू दे, तू बैस, असं तीनदा म्हणालीस. ती बसली. तू सांगितलंस म्हणून बसली गं, आणि अजून बसलेली आहे.

आपल्याकडची मुलगी असती तर नको म्हटल्यावरही हट्टाने घासली असती, तू पुन्हा नको म्हणाली असतीस आणि मनात खूश झाली असतीस. आपण पहिलं नको तोंडदेखलं म्हणतो आणि समोरच्याने ते ओळखावं अशी अपेक्षा धरतो. तिच्या देशात नको म्हणजे नको असणार. म्हणून तुझं नको तिने खरं धरलं आणि तिचं नको तू खोटं धरलंस. ती पोळी फेकायला नेत नव्हती. पोट फुटायची वेळ आली आणि पानात टाकलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून तिने ती खिशात घातली. मी सासरी गेले तेव्हा पहिल्याच पंगतीत भाताला दोनदा नको म्हटलं. त्या घरात एकदाच विचारायची रीत होती. अर्धपोटी उठले. तेव्हा मला ती माणसं दुष्ट वाटली होती.

आणि ईशानी. राग येईल, पण लिहिते. तीही तिथलीच जन्मलेली. तू नको येऊस म्हटलंस, तिने ऐकलं आणि समजून घेतल्याबद्दल तुझे आभार मानले. सलग दोन दिवाळ्या. त्या पोरीने आईचं ऐकलं, यापेक्षा तिचा गुन्हा काय?

भांडी आपटणं बंद कर. जे हवं ते तोंडाने माग. लहान होतीस तेव्हा यायचं की तुला.

धाकटी आहेस, रुसलीस तरी माया धरून रूस.

तुझी
ताई


वॉटफर्ड
२३ जानेवारी २००५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वीस डिसेंबरला मिळालं. वाचून आधी तुझाच राग आला. मग त्या संध्याकाळी बटाटे घेऊन बसले आणि आस्ट्रिडला म्हटलं, की मला मदत हवी आहे. एवढंसं वाक्य म्हणायला मला घाम फुटला. तिने माझ्याकडे बघून विचारलं, की खरंच हवी आहे, की मी विचारायचं आणि तुम्ही नाही म्हणायचं? मी सोलाणं तिच्या हातात दिलं. दोन किलो बटाटे सोलून दिले तिने, लागणार होते फक्त चार बटाटे. जेवताना तिने दुसऱ्या पोळीला नको म्हटलं, तेव्हा माझा हात पोळीसकट हवेत राहिला होता. परत घेतला. ताई, फार जड गेलं.

पुरणपोळीचं मी माफी मागून मिटवलं. तिने सांगितलं, की त्या दिवशी तिने सहा खाल्ल्या होत्या. सातवी खिशात घातली.

तीन तारखेला कोऑर्डिनेटर बाईंचा फोन आला. आस्ट्रिड परत येते म्हणाली, पण मंगळवारचा स्वयंपाक तिचा, या अटीवर. आली आहे. मंगळवारी आम्ही उकडलेले बटाटे तपकिरी सॉसमध्ये खातो. ती एकदाच विचारते आणि भांडं झाकून ठेवते. हे सवयीने नको म्हणतात आणि मग उपाशी राहतात. मला चिडचिड होतेच. तिचं दार अजून बंद असतं, मी बाहेर उभी राहून टकटक करते, स्वतःच्या घरात. पण ती आहे.

ईशानीचं सांगायचं राहिलं. नाताळात ती मैत्रिणीकडे जाणार होती. आस्ट्रिडला विमानतळावर सोडून आले आणि कोट न काढताच फोन लावला. म्हटलं, ईशानी, मला तू घरी हवी आहेस, ये. ती तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू कधी बोललीच नाही असं. तू नेहमी बोलते राहू दे." चोवीस तारखेला वॉटफर्ड जंक्शनवर उतरली, मोठी बॅग घेऊन. नऊ दिवस राहिली. उरलेल्या चकल्या मऊ पडल्या होत्या, त्या तिने खाल्ल्या.

परवा आस्ट्रिडला तुझ्या ऑपरेशनचं सांगत होते. तिने विचारलं, बहीण काय म्हणाली. मी सांगितलं, येऊ नकोस म्हणाली. मग जाऊ नका, असं ती आधी म्हणाली. मग ताटली पुसता पुसता म्हणाली, की त्यांना पुन्हा विचारा, पण मी मंगळवारी विचारते तसं, एकदाच.

तुझं ऑक्टोबरचं पत्र काढून वाचलं. भिंत आहे की धरायला, असं लिहिलं आहेस. मी ते खरं धरलं होतं, ताई. म्हणून एकदाच विचारते. येऊ का? जे लिहिशील ते खरं मानेन.

उत्तराची वाट बघते. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
नंदा


सातारा
२ फेब्रुवारी २००५

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वरच्या अडीच ओळी खोडल्या आहेत, त्या उजेडाला धरून वाचू नकोस. सवयीने हात चालला.

तुला शहाणपण शिकवणाऱ्या बाईची हकीकत ऐक. शिल्पाच्या डब्याला मी तीनदा नको म्हटलं, कशाला तुला त्रास, असं म्हणून. काल ती म्हणाली, बरं काकू, मग मी त्या आठवड्यात माहेरी जाऊन येते. मी हसून जा म्हटलं आणि दार लावल्यावर तिच्यावर चरफडत बसले. तुझी आस्ट्रिड इथे असती तर तिने माझ्याविरुद्धही दोन कारणं लिहून दिली असती.

मला गुडघ्याची भीती नाही. भूल उतरल्यावर डोळे उघडतील आणि समोर आपलं कुणी नसेल, त्याची भीती वाटते. ऑक्टोबरपासून वाटते.

दर पत्राच्या शेवटी आपण या ना त्या शब्दांत लोभ असावा असंच लिहीत आलो. या वेळी तू असावीस. ये.

तुझी
ताई